चिकू, चिमणी, चिंचोका: छोट्यांसोबत तपकिरी रंग वाचताना

रंगांची पुस्तकं उघडून बघा, लाल पिवळा निळा हिरवा यांना मस्त मोठी पानं असतात आणि तपकिरीचं पान असतं एकदम शेवटी, त्यावर एक अस्वल नाहीतर चॉकलेट, संपलं. आता आपल्या जंगलातलं अस्वल असतं काळं आणि चॉकलेट म्हणजे खाऊ, त्यामुळे मूल त्या पानावरून सुळकन पुढे जातं. पण आपल्याकडच्या मुलाच्या आजूबाजूला बघा ना किती तपकिरी आहे. अंगणातली माती, झाडांची सालं, नाचणीची भाकरी, चहा, गूळ, मसाल्याच्या डब्यातली दालचिनी, दाराचं लाकूड, आणि त्याचे स्वतःचे हात. यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की या रंगाच्या बाबतीत "हा कुठला कलर? ब्राउन! शाब्बास!" इथे थांबायचंच नाही. तपकिरी हा एक रंग नाहीये, ते मोठं खटलं आहे, आणि ते बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मांडीवर उघडलेलं पुस्तक, कारण तिथे चित्र हलत नाही, पळत नाही, कितीही वेळ बघता येतं.

हे सगळं साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी लिहितेय, घरी करा किंवा बालवाडीत करा. तपकिरी म्हणा, ब्राउन म्हणा, चॉकलेटी म्हणा, घरात जो शब्द चालतो तो चालू द्या, काही बिघडत नाही. लाल-पिवळ्याच्या मानाने हा रंग बऱ्याच मुलांच्या तोंडी उशिरा येतो त्यामुळे तीन वर्षांचं मूल तपकिरीला काळा म्हणालं तर लगेच टेन्शन घेऊ नका.

पहिलं काम पुस्तक निवडणं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, रंगांचं पुस्तक शोधू नका, गोष्टीचं पुस्तक शोधा ज्यात तपकिरी भरपूर आहे. माती, शेत, कुंभार, चिमण्या, माकडं, वाळकी पानं, जुनं घर, बाजार असं काहीही. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं लायब्ररीत किंवा दुकानात बघा, आणि जवळ दुकान नसेल, परदेशात राहत असाल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोडही होतात. फक्त मोबाइलवर रंगांचं पुस्तक बघताना ब्राइटनेस आणि तो रात्रीचा पिवळा मोड नीट करून घ्या, नाहीतर सगळंच तपकिरी दिसतं.

वारली चित्रांचं पुस्तक मिळालं तर लगेच घ्या. पालघर-डहाणू भागातल्या वारली लोकांची ही चित्रं मुळात कुडाच्या भिंतीवर काढली जायची, शेणामातीने सारवलेली भिंत, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रं, बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश करून. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळालं. या पुस्तकांत बऱ्याचदा अख्खं पानच तपकिरी असतं आणि माणसं, झाडं, तारपा वाजवणारा, सगळे पांढरे. मुलांना सवय असते पांढऱ्या कागदावर रंगीत चित्राची, इथे उलटं आहे, आणि ते त्यांना फार आवडतं. "कागद कुठल्या रंगाचा?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, त्यांना शोधू द्या.

गप्प बसणं हेच खरं तर वाचण्यातलं निम्मं काम आहे. पहिल्यांदा वाचताना रंगाचं नावच काढू नका, नुसती गोष्ट वाचा, आवाज काढा, मजा घ्या. रंग दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला, मूल स्वतःच "पुन्हा वाच" म्हणेल तेव्हा. आणि तेव्हा सुद्धा आधी वस्तू दाखवा मग रंग बोला, म्हणजे "हा चिकू बघ, चिकू कसा आहे? तपकिरी आहे," असं. नुसतं "तपकिरी चिकू" म्हटलं की मुलाचं लक्ष चिकूवर जातं आणि रंगाचा शब्द कानावरून निघून जातो. मग पुढच्या पानावर "अजून काय आहे असं?" विचारून मनातल्या मनात पाच म्हणा. मोठ्यांना फार घाई असते, दोन सेकंदात आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. थांबलं की मूल जे दाखवतं ते आपल्याला दिसलेलंच नसतं, कोपऱ्यातली मुंगी, माणसाच्या चपलेचा पट्टा, बैलाच्या पायाला लागलेला चिखल.

सगळ्यात सोपी सुरुवात हवी असेल तर चिऊ-काऊची गोष्ट घ्या, तिला पुस्तक पण लागत नाही, चित्रांचं मिळालं तर उत्तमच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. आता शेणाचं घर कसं दिसत असेल? ओलं असताना कसं, वाळल्यावर कसं? पावसाचं पाणी त्यातून वाहत गेलं तर त्या पाण्याचा रंग काय? शहरातल्या मुलांनी शेण बघितलेलं नसतं, तर कुंडीतली माती घ्या, अर्ध्या मातीवर पाणी शिंपडा, ओली माती लगेच गडद होते, त्यातच निम्मा धडा झाला. आणि चिऊ स्वतः पण तपकिरीच की. चिमणीच्या चित्रात आणि फोटोत मुलांना शोधायला लावा, नर चिमणीच्या गळ्याखाली काळा डाग असतो, डोकं राखाडी, डोळ्यामागून मानेपर्यंत विटकरी पट्टा, आणि मादी सगळी फिकट मातकट. हे एकदा दिसलं की मुलं खिडकीतली प्रत्येक चिमणी तपासतात.

प्राण्यांच्या पुस्तकात शेकरू नक्की दाखवा, आपला राज्यप्राणी आहे, भीमाशंकरच्या जंगलातली ही मोठी खार, पाठ तांबूस तपकिरी आणि पोट दुधाळ, म्हणजे एकाच अंगावर दोन छटा. सातभाई पक्ष्यांचा थवा, गवा, हरीण, माकड, हे सगळे शेजारी ठेवून "कोण जास्त गडद?" असा खेळ चार वर्षांच्या पुढे छान रंगतो. गव्याचे गुडघ्याखालचे पांढरे पाय मुलांना मोजे वाटतात, वाटू द्या.

मग प्रश्न येतोच की इतके प्राणी तपकिरी का? मुलांना लेक्चर नको, त्यांच्यासाठी घरीच एक पुस्तक करा. चार कागद दुमडून मधे स्टेपल मारा, चित्र काढता येत नसेल तर वाळकी पानं, सालीचे तुकडे, वाळू, थोडी माती फेव्हिकॉलने चिकटवा. मजकूर हा घ्या, हवा तसा बदला:

वाळकं पान हललं. पान नव्हतं, ते फुलपाखरू होतं!
मातीचं ढेकूळ हललं. ढेकूळ नव्हतं, तो बेडूक होता!
झाडाची साल हलली. साल नव्हती, तो सरडा होता!
नदीकाठचा गोटा हलला. गोटा नव्हता, ते टिटवीचं पिल्लू होतं!
तपकिरी चादर हलली. चादर नव्हती, तो कोण होता?

शेवटच्या पानावर मुलाचा फोटो चिकटवा आणि वाचताना खरंच चादरीखाली लपू द्या. यात खोटं काही नाही, सह्याद्रीत ओकलीफ नावाचं फुलपाखरू सापडतं, पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधली शीर सुद्धा, आणि उघडले की आत निळं. टिटवी तर झाडावर घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमधे अंडी घालते आणि अंड्यांवर असे ठिपके असतात की पायाशी असूनही दिसत नाहीत. रंगामुळे कोणीतरी वाचतं, हे मुलांना जे पटतं ना ते फार खोल पटतं.

वाचून झालं की एक वाटी द्या हातात आणि घरात सोडा. जे पुस्तकात होतं तसं काहीतरी आण. चिंचोका, चिकूची बी, लवंग, जायफळ, रिठा, शिकेकाई, करवंटीचा तुकडा, शेंगेचं टरफल, पेन्सिल. सगळं एका पांढऱ्या कागदावर फिक्यापासून गडदपर्यंत ओळीत लावायचं. इथे भांडणं होतात, एक म्हणतो रिठा आधी दुसरी म्हणते जायफळ, होऊ द्या, दोघंही खिडकीशी नेऊन बघतील. चिंचोका फरशीवर घासला की आतून पांढरा निघतो, आपण लहानपणी खेळायला फासे करायचो तसे, तेही दाखवा. पण हे नीट वाचा: तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बिया, शेंगदाणे, लवंगा असलं काही एकट्याने हाताळायला देऊ नका. नाकात, कानात जातं, घशात अडकतं. त्यांच्यासाठी अख्खा नारळ, मोठी भाकरी, लाकडी पोळपाट, असं मोठं काहीतरी ठेवा.

स्वयंपाकघरात एक प्रयोग वाचनाच्या वेळेत बसतो. पुस्तक उघडायच्या आधी सफरचंदाच्या दोन फोडी करा, एकीला लिंबू चोळा, एक तशीच ठेवा. दोन पुस्तकं वाचून होईपर्यंत साधी फोड तांबूस व्हायला लागते आणि लिंबाची बऱ्यापैकी पांढरी राहते. कापल्यावर आतल्या रसाला हवा लागते म्हणून रंग बदलतो, लिंबाच्या आंबटपणाने ते लांबतं, पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. केळ्याची साल, तव्यावरची पोळी, हे रोजचंच आहे, येता-जाता दाखवा.

रंगकाम करायचं तर तपकिरीची बाटली लपवून ठेवा. लाल आणि हिरवा द्या, होईल. नारिंगी आणि निळा द्या, होईल पण वेगळा. पिवळा आणि जांभळा, अजून वेगळा. मुलांचे सगळे रंग एकत्र होऊन जो चिखल होतो आणि आपण "अरे सगळं घाण केलंस" म्हणतो तो खरं तर तपकिरीच असतो, तेव्हा असं म्हणू नका प्लीज, "अरे वा, हा कुठल्या झाडाचा रंग झाला रे?" म्हणा आणि त्याच कागदावर खोड काढू द्या. इंद्रधनुष्याचं पान असलेलं पुस्तक असेल तर त्यात तपकिरी शोधायला सांगा. सापडणार नाही. मोठ्या मुलांना हे कोडं चांगलं पुरतं, मग नारिंगी रंगात काळ्याचा एकेक थेंब टाकून दाखवा की तो कुठे लपला होता.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. चित्रपुस्तकातल्या माणसांचे रंग. मुलं माणूस काढताना खडूच्या पेटीतला तो फिकट गुलाबीसर खडू उचलतात आणि त्याला "स्किन कलर" म्हणतात, आपल्याकडच्या शाळांत पण तोच शब्द चालतो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने त्या खडूचं "फ्लेश" हे नाव १९६२ मध्ये काढून "पीच" केलं, आणि २०२० मध्ये वेगवेगळ्या त्वचेच्या २४ छटांची पेटी आणली. आपण घरी पेटीची वाट बघायची गरज नाही. पुस्तकातल्या मुलीच्या हाताशेजारी आपला हात ठेवा, मुलाचा ठेवा, आजोबांचा ठेवा. कोणाचा गव्हासारखा, कोणाचा चहासारखा, कोणाचा खारकेसारखा. तळहात आणि हाताची पाठ वेगळी, तेही बघा. हे सगळं कौतुकाच्या आवाजात, तुलनेच्या नाही. आणि त्याच वेळी कोणी नातेवाईक "हा जरा काळाच राहिला" असलं काही बोलले तर मुलासमोरच शांतपणे म्हणा, "किती छान रंग आहे त्याचा, आमच्या पुस्तकातल्या शेकरूसारखा." ज्या भाषेत पंढरीच्या विठ्ठलाला प्रेमाने सावळा म्हणतात त्या घरांत मुलाला स्वतःच्या रंगाची लाज वाटावी हे मला सहन होत नाही. पुस्तक निवडताना पण बघा की सावळी मुलगी गोष्टीची हिरो आहे का, की नुसती मागे उभी आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. चार-पाच वर्षांचं मूल, विशेषतः मुलगा, बाकी रंग बरोबर सांगतो पण हिरवं आणि तपकिरी, किंवा लाल आणि तपकिरी, यांत सतत गोंधळतो, झाडाचं खोड हिरवं रंगवतो, तर ओरडू नका, हट्टाने घोकून घेऊ नका. काही मुलांना जन्मतःच हे रंग वेगळे दिसत नाहीत, आईकडून येणाऱ्या जनुकामुळे मुलग्यांमधे ते जास्त असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या चित्रांची साधी टेस्ट असते, ती करून घ्या आणि बालवाडीतल्या ताईंना सांगून ठेवा, आणि पुस्तकं वाचणं तसंच चालू ठेवा, फक्त प्रश्न बदला, "कुठला रंग?" ऐवजी "कोण गडद, कोण फिकं, कोण खरखरीत?"