ॲप डिझाइन शिकायचं असेल, तर आधी एकच काम तपासा

सुंदर स्क्रीनचे फोटो साठवून ॲप डिझाइन येत नाही. त्या फोटोंत सगळं सुरळीत चाललेलं असतं. यादी रिकामी असताना, नेट नसताना किंवा माणूस अर्ध्यावरून मागे फिरल्यावर काय होतं, ते फोटोत दिसत नाही, आणि डिझाइनची खरी परीक्षा तिथेच होते. त्यामुळे अख्खं ॲप तपासायला घेऊ नका, त्यातलं एकच काम घ्या.

उदाहरणार्थ, रोज सकाळी ६ला वाजणारा अलार्म फक्त उद्यापुरता बंद करणं. काम छोटं आहे, पण त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

पहिल्या स्क्रीनपासून प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट घ्या. उघडलेला कीबोर्ड, परवानगी मागणारी चौकट, तळाशी क्षणभर येणारा संदेश, काहीच सोडू नका. सगळे स्क्रीनशॉट फिग्मा या डिझाइनच्या ॲपमध्ये एका ओळीत लावा आणि प्रत्येकाखाली तीन गोष्टी लिहा: इथे माणसाला काय हवं होतं, त्याने कुठे टॅप केलं, आणि टॅपनंतर काय झालं हे त्याला कशावरून कळलं. तिसऱ्या प्रश्नापाशी बरेच दोष सापडतात. अलार्मसमोरचा स्विच बंद केला, तर तो उद्यापुरता बंद झाला की कायमचा? स्क्रीन काहीच सांगत नसेल, तर परवा अलार्म वाजणार नाही आणि चूक कुठे झाली हेही कळणार नाही.

मग तेच काम मुद्दाम बिघडवून पाहा. वेळ बदलून सेव्ह न करता मागे जा. बदल राहिला का? अक्षरं सर्वांत मोठी करा, सगळे अलार्म काढून टाका, मधेच दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत या. नेटवर चालणारं ॲप असेल, तर एअरप्लेन मोड लावून पाहा.

‘गिचमिड वाटतं’ ही नोंद नव्हे. जागा, घटना आणि परिणाम लिहा: ‘यादीत स्विच बंद केल्यावर सगळ्या दिवसांचे अलार्म बंद होतात, तसा संदेश येत नाही, पुढचे अलार्म चुकतात.’ प्रत्येक नोंदीला ० ते ४ तीव्रता द्या. ० म्हणजे दोषच नाही, ४ म्हणजे आधी दुरुस्त करायलाच हवा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांची १९९४ची चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं शेजारी ठेवा. ‘यंत्रणेची स्थिती दिसत राहावी’ हे त्यातलं पहिलं, आणि अलार्मचा दोष नेमका तिथेच बसतो.

मोजमापही करा. अँड्रॉइडवर टॅपची जागा किमान ४८ बाय ४८ डीपी, आयओएसवर (आयफोनवर) ४४ बाय ४४ पॉइंट असावी. डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवर पिक्सेल किती दाट आहेत यावर अवलंबून नसलेली मापं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांचा ३:१. स्क्रीनशॉट पिक्सेलमध्ये असतो, त्यामुळे आकडे थेट ताडू नका. स्क्रीनशॉट १०८० पिक्सेल रुंद आणि फोन ३६० डीपी रुंद असेल, तर १४४ पिक्सेलचं बटण ४८ डीपीचं होतं. शिवाय २४ डीपीच्या आयकॉनभोवती टॅपची न दिसणारी जागा असू शकते, म्हणून नुसत्या आयकॉनवरून दोष ठरवू नका.

आता प्रोटोटाइप, म्हणजे चालवून पाहता येणारा कच्चा नमुना. सर्वाधिक तीव्रतेचा एकच दोष निवडा. सगळं ॲप नव्याने रंगवायचा मोह आवरा, कारण मग कोणत्या बदलाने फरक पडला ते कळणार नाही. कागदावर पेन्सिलीने निदान तीन वेगळे उपाय काढा. पहिला उपाय बहुधा पाहिलेल्या एखाद्या ॲपचीच नक्कल असतो.

त्यातला एक फिग्मात ३६० बाय ८०० च्या फ्रेममध्ये, म्हणजे फोनच्या स्क्रीनएवढ्या चौकटीत, उभा करा, आधी फक्त करड्या छटांत. मजकूर मात्र पहिल्यापासून खरा हवा. ‘उद्यापुरता बंद करा’ हे बटणात मावतं का, ते कामचलाऊ मजकुराने कळत नाही. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात; ओळींची उंची अक्षराच्या दीडपट धरून सुरुवात करा, नाहीतर ओळी एकमेकींना भिडतात. नेहमीच्या वाटेबरोबर ‘चुकून दाबलं, परत चालू करा’ ही वाटही जोडा. ॲनिमेशन शेवटी.

प्रोटोटाइप फोनवरच चालवा. माउसचा बाण टोकदार असतो, त्यामुळे कॉम्प्युटरवर बारीक बटणंही सहज दाबली जातात. फोनवर बोट बटण झाकतं आणि अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.

मग पाच जणांना एकेकटं बसवून दाखवा. काम सांगताना बटणावरचे शब्द वापरू नका, नाहीतर माणूस फक्त तो शब्द शोधतो. ‘उद्या सुट्टी आहे, उशिरापर्यंत झोपायचंय. परवापासून पुन्हा सहालाच उठायचंय’ एवढंच सांगा आणि गप्प राहा. पहिला टॅप कुठे पडला आणि कुठे थबकायला झालं, ते टिपा. ‘आवडलं का?’ विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. काम संपल्यावर विचारा, ‘परवा अलार्म वाजेल का?’ उत्तर देताना माणूस अडखळला, तर स्विच सापडूनही तुमचा स्क्रीन अपुराच आहे. तो बदला आणि पुढच्या फेरीला नवी माणसं घ्या, कारण आधीच्यांना वाट आता ठाऊक असते.