बूटलोडरचा कोड सांभाळताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२२च्या अखेरीस आर्च लिनक्स वापरणाऱ्या अनेकांची मशीन्स अपडेटनंतर सुरूच होईनात. एरर मेसेज काहीच नाही. मशीन दर वेळी थेट बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन उभं. झालं होतं असं: ग्रब या बूटलोडरच्या (मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम) नव्या पॅकेजने तयार केलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एफडब्ल्यूसेटअप’ या कमांडला एक नवा पर्याय दिलेला होता. फर्मवेअरच्या (म्हणजे बायोससारख्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये जाण्याची सोय आहे का, एवढंच त्यातून विचारायचं होतं. पण डिस्कवर बसवलेला ग्रब जुना होता. त्याने न कळलेला पर्याय सोडून दिला आणि कमांड चालवून टाकली.

बूटलोडरची निम्मीअधिक दुखणी याच जातीची असतात. जुना कोड आणि नवा डेटा यांची गाठ पडते, आणि सुटे पाहिले तर दोघेही बरोबर असतात. त्यामुळे कोड वाचून चूक सापडत नाही.

अपडेट झालं, पण कुठे?

पॅकेज मॅनेजर फाइली रूट फाइलसिस्टिमवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागात टाकतो. फर्मवेअर मात्र ईएफआय पार्टिशनवरची (फर्मवेअरला वाचता येणारा डिस्कचा छोटा भाग) किंवा बूट सेक्टरातली प्रत उचलतं. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘मेक इन्स्टॉलवर्ल्ड’ (नवी बनवलेली सिस्टिम बसवणारी कमांड) केलं की बूट फोल्डरातला लोडर.ईएफआय, म्हणजे तिचा बूटलोडर, ताजा होतो. ईएफआय पार्टिशनवरची प्रत आपण स्वतः कॉपी करेपर्यंत होती तशीच राहते. लोडरच्या कोडमध्ये दुरुस्ती केली, रीबूट केलं, तरी फरक दिसत नाही, अशी तक्रार आली की आधी ‘ईएफआयबूटमॅनेजर’ला (फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड) व्हर्बोज पर्याय देऊन चालवा आणि फर्मवेअर नेमकी कोणती फाइल उचलतंय ते पाहा. कोड नंतर उघडा.

याच चुकीची महागडी आवृत्ती झेडएफएस या फाइलसिस्टिमवर दिसते. ‘झेडपूल स्टेटस’ सांगतं की काही फीचर्स सुरू केलेली नाहीत. ती ओळ डोळ्यांना खुपते म्हणून माणूस ‘झेडपूल अपग्रेड’ करून मोकळा होतो. त्यातलं लोडरला अनोळखी असलेलं एखादं फीचर वापरात आलं की पुढच्या बूटला ‘झेडएफएस: अनसपोर्टेड फीचर’ अशी ओळ येते आणि गाडी तिथेच अडते. पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेला डिस्कचा साठा) मागच्या आवृत्तीवर नेता येत नाही. उपाय सरळ आहे: ते फीचर ओळखणाऱ्या नव्या आवृत्तीच्या यूएसबीवरून लाइव्ह सिस्टिम सुरू करा, ईएफआय पार्टिशन माउंट करा, नवा लोडर तिथे कॉपी करा.

जुन्या पद्धतीच्या बायोसवर हेच काम ‘जीपार्ट बूटकोड’ करतं. तिथे पार्टिशनचा क्रमांक इंटरनेटवरून जसाच्या तसा उचलू नका. बहुतेक जुन्या लेखांत १ लिहिलेला असतो. तुमच्या डिस्कवर १ क्रमांकाला ईएफआय पार्टिशन असेल, तर बूटकोड त्याच्यावरच लिहिला जाईल. आधी ‘जीपार्ट शो’ चालवून पार्टिशनची यादी पाहा.

मोठं म्हणजे सुरक्षित, असं इथे नसतं

एमबीआरचा, म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीचा, सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातला पार्टिशन टेबल आणि शेवटची सही वगळली की कोडला उरतात ४४६ बाइट. फ्रीबीएसडीच्या बूट२ला (बायोसवरच्या पुढच्या टप्प्याचा लोडर) ७,६८० बाइटची हद्द आहे आणि त्याची मेकफाइल (बिल्डच्या सूचनांची फाइल) दर बिल्डला किती बाइट शिल्लक राहिले ते छापते. तो आकडा वाचायची सवय लावा. कंपायलरची आवृत्ती बदलली की एक अक्षरही न बदलता तो खाली येऊ शकतो.

उलट बाजूची चूक जास्त गमतीची आहे. फ्रीबीएसडी-बूट पार्टिशन (बायोसवरून बूट होताना लागणारा लोडर इथे असतो) ५१२ केबीचं ठेवतात. कुणीतरी ‘पुढे लागेल’ म्हणून ते १ एमबीचं करतं, आणि बूट होताना ‘बूट लोडर टू लार्ज’ असा मेसेज येतो. आतला लोडर लहानच असतो. पण पीएमबीआर (डिस्कच्या पहिल्या सेक्टरातला छोटा कोड) बिचारा फाइल वगैरे काही जाणत नाही. तो अख्खं पार्टिशन मेमरीत चढवतो, तेही पहिल्या ६४० केबीच्या आत. म्हणून कमाल हद्द ५४५ केबी.

एरर छापून पुढे जाऊ नका

जुलै २०२०मध्ये ग्रब२मधलं ‘बूटहोल’ हे सुरक्षेतलं भगदाड जाहीर झालं, क्रमांक सीव्हीई-२०२०-१०७१३. कॉन्फिग फाइलमधला एखादा शब्द बफरपेक्षा मोठा निघाला, तर फ्लेक्सने (मजकुरातले शब्द ओळखणारा कोड बनवणारं टूल) तयार केलेला कोड प्राणघातक एररचं फंक्शन बोलावतो आणि तिथून आपण परत येणार नाही असं गृहीत धरतो. ग्रबमधलं ते फंक्शन एरर छापायचं आणि परत यायचं. मग तो मोठा शब्द छोट्या बफरमध्ये कॉपी व्हायचा. सिक्युअर बूटची, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देण्याची, साखळी एवढ्यावर तुटली.

बूटलोडरमध्ये खाली ऑपरेटिंग सिस्टिम नसते, त्यामुळे ‘एक्झिट’ म्हणजे काय हे तुम्हालाच ठरवावं लागतं. बाहेरची लायब्ररी आणताना तिने प्रोसेस संपण्यावर कुठे भिस्त ठेवली आहे, ते एकेक करून शोधा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नये. आणि दुरुस्ती घाईत सोडू नका: बूटहोलच्या पॅचनंतर रेड हॅटची काही मशीन्स बूटच होईनात.

जुन्या लोडरवर नवी स्क्रिप्ट चालवून पाहा

क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन) आणि ओव्हीएमएफ (तिचं फर्मवेअर) घेऊन टेस्ट सगळेच करतात. पण त्या इमेजमध्ये लोडर नवा, स्क्रिप्ट नव्या, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नवा. लोकांच्या मशीनवर असं क्वचितच असतं. मागच्या दोन आवृत्त्यांचे लोडर बाजूला जपून ठेवा आणि नवा रूट त्यांच्यासमोर उभा करा. माझ्या मते ही एक टेस्ट बाकी दहा टेस्टना भारी आहे.

फ्रीबीएसडीत हे हटकून लागतं, कारण लुआ या भाषेतल्या बूटच्या स्क्रिप्ट रूटवर असतात आणि लुआचा इंटरप्रिटर ईएफआय पार्टिशनवरच्या लोडरमध्ये. त्यांच्या कोअर.लुआमध्ये ‘हॅजफीचर’ नावाचं छोटं फंक्शन आहे. एखादं फीचर आहे का हे लोडरला विचारण्याआधी ते पाहतं, की असा प्रश्न विचारायची सोय तरी या लोडरमध्ये आहे का. नसेल तर लोडर जुना आहे असं समजून ‘नाही’ सांगतं आणि बूट पुढे चालू राहतं. आर्चच्या प्रसंगात नेमकी हीच पायरी गाळलेली होती.

कर्नल फसला तर फार घाबरायचं कारण नाही. लोडरच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर ‘अनलोड’, मग ‘बूट कर्नल.ओल्ड’. फक्त सलग दोनदा कर्नल इन्स्टॉल केला तर कर्नल.ओल्डमध्येही बिघडलेलाच येऊन बसतो, म्हणून चालणाऱ्या कर्नलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

लोडर फसला तर प्रॉम्प्टही मिळत नाही. म्हणून नवा लोडर जुन्यावर कधीच लिहू नका. ईएफआय पार्टिशनवर तो दुसऱ्या नावाने ठेवा, ‘ईएफआयबूटमॅनेजर’ने त्याची वेगळी नोंद करा आणि ती ‘बूटनेक्स्ट’ला लावा. ही निवड एका बूटपुरतीच असते. मशीन अडकलं तर पॉवर बंद करून चालू करायचं, जुना लोडर आपोआप येतो. दुसऱ्या शहरातल्या रॅकमध्ये पडलेल्या सर्व्हरवर हे करणार असाल, तर आधी सिरियल कन्सोल (बूटचे मेसेज दुरून दाखवणारी जोडणी) चालतोय का ते बघून घ्या.