जहाजावरील रेडिओ वॉच कसा ठेवावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींनी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, पाऊल ठेवण्यापूर्वीच रेडिओ वॉचचे, म्हणजे रेडिओवर सतत कान ठेवण्याच्या कामाचे, नियम पक्के करावेत, कारण संकटातील दुसऱ्या जहाजाची हाक ऐकू येणे त्यावरच अवलंबून असते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत असताना जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर झोपलेला होता.

जीएमडीएसएस ही समुद्रावरील संकट व सुरक्षा संपर्काची जागतिक व्यवस्था १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि हा वॉच मुख्यतः डेक अधिकाऱ्यांकडे आला. त्यासाठी जीओसी हे रेडिओ चालवण्याचे सर्वसाधारण प्रमाणपत्र लागते. केवळ ए१ क्षेत्रात, म्हणजे किनारी व्हीएचएफ (कमी पल्ल्याच्या रेडिओ) केंद्रांच्या टप्प्यात, फिरणाऱ्या जहाजावर आरओसी हे मर्यादित प्रमाणपत्र चालते. संकटकाळी रेडिओची मुख्य जबाबदारी कोणाची, हे आधीच नेमून दिलेले असले पाहिजे. जहाजावर चढताच ते नाव विचारून घ्यावे. प्रवासी जहाजावर संकटकाळी किमान एका पात्र व्यक्तीला रेडिओखेरीज दुसरे कोणतेही काम देता येत नाही, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

समुद्रात असताना व्हीएचएफच्या चॅनल ७० वर डीएससीचा (बटण दाबून जाणाऱ्या डिजिटल इशाऱ्यांचा) आणि एमएफ (मध्यम लहरींचा) संच असल्यास २१८७.५ किलोहर्ट्झवर अखंड वॉच ठेवावा. बोलून हाक देण्याचा चॅनल १६ ब्रिजवर ऐकू येईल इतक्या आवाजात चालू असावा. जीपीएस जोडलेले नसेल, तर संचातील जहाजाचे स्थान जास्तीत जास्त चार तासांनी हाताने बदलावे. भुसावळच्या रेल्वे कुटुंबातील मुलांना ठाऊक असते की बदली माणसाने चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडायची नसते. वॉच सोपवतानाही तसेच, आलेले इशारे आणि संचातील बिघाड तोंडी सांगून मगच ब्रिज सोडावा.

चॅनल ७० वर संकटाचा इशारा आला, तर घाईने डीएससीवर पोच देऊ नये, कारण ती देणे हे मुख्यतः किनारी केंद्राचे काम आहे. चॅनल १६ ऐकावा, कॅप्टनला कळवावे, स्थान व वेळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहावी. केंद्राकडून उत्तर येत नसेल, तर आवाजी पोच देऊन ती खबर किनाऱ्यापर्यंत पोहोचवावी.

आपल्याच हातून चुकून इशारा गेला, तर तो कदापि लपवू नये. संच रीसेट करून चॅनल १६ वर सर्व केंद्रांना उद्देशून जहाजाचे नाव, कॉल साइन (रेडिओवरील ओळखचिन्ह), एमएमएसआय हा संचाचा ओळख क्रमांक व स्थान सांगून तो रद्द करावा आणि तशी नोंद लॉगमध्ये करावी.