बिग्जबी बसवताना मधली रेघ कुठून काढायची

माझ्या सपाट बॉडीच्या गिटारवर बिग्जबी बी ५ (तारांची टोकं अडकवायचा टेलपीस, ज्याचा दांडा म्हणजे बार दाबला की सूर वरखाली होतो) बसवायचं ठरवलं, आणि पहिल्यांदा मी बॉडीच्या दोन्ही कडांपासून टेपने मोजून मध्य काढला, खुणा केल्या, नशीब ड्रिल नाही लावलं. कारण दोरा लावून बघितला तर पातळ ई तार शेवटच्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या लांब मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या) नेकच्या अगदी कडेला जात होती, वाजवताना सटकणारच. नेक बॉडीच्या बरोब्बर मध्यावर असेलच असं नाही, म्हणून रेघ नेकवरूनच धरायची.

मग काय केलं, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन बारीक दोरे घेतले, ब्रिजच्या सॅडलवरून (बॉडीवर तारा टेकतात त्या आधारांवरून) नेऊन टेलपीसच्या रोलरवरच्या टोकाच्या दोन पिनांना बांधले, टेलपीस नुसता मास्किंग टेपने चिकटवला. आता तो अर्धा-एक मिलीमीटर इकडेतिकडे सरकवत राहायचं, शेवटच्या फ्रेटवर दोन्ही दोऱ्यांपासून नेकची कड सारख्याच अंतरावर दिसेपर्यंत. यात माझा अर्धा तास गेला पण हेच खरं काम आहे, इथे घाई करू नका.

टेलपीस ब्रिजच्या फार जवळही नको, तार सॅडलवर जास्त वाकते, घासते आणि बार सोडला की सूर जागेवर येत नाही.

भोकं स्क्रूपेक्षा बारीक बिटने पाडली, स्क्रूला मेणबत्ती घासली. अर्थिंगची वायर टेलपीसखाली दाबायला विसरू नका, नाहीतर अँपमधून गुणगुण येते.