प्रागचं नोवी स्व्येत : वरून खाली या

लेकीकडे प्रागला दोन महिने राहिले. किल्ल्यावर एकदा गर्दीत भरडून निघाले, तेवढं पुरे झालं. मग दुपार मोकळी मिळाली की मी नोवी स्व्येतला. नावाचा अर्थ 'नवं जग', आहे मात्र किल्ल्यामागची जुनी, चिडीचूप गल्ली.

किल्ल्याकडून शिरू नका, शेवटी चढ लागतो. २२ नंबरच्या ट्राममध्ये बसा, किल्ल्याचा थांबा जाऊ द्या आणि पोहोर्झेलेत्सला उतरा. पोहोर्झेलेत्स म्हणजे आगीत घरदार गमावलेला. आगींनीच या भागाला हे नाव दिलं. तिथून लोरेताच्या देवळापाशी चालत या, आणि तासाचा ठोका पडायच्या आधी पाच मिनिटं पोहोचा. मनोऱ्यातल्या २७ घंटा १६९५ पासून दर तासाला धून वाजवतात. ऐकून झालं की समोरच्या चेर्नीन्स्का गल्लीने खाली उतरा. बूट रबरी तळाचे हवेत. मी पहिल्या दिवशी गुळगुळीत सँडल घालून गेले आणि गल्लीतल्या दगडी गोट्यांवरून भिंत धरून उतरले.

खाली आलात की दारांवर लक्ष ठेवा. प्रागच्या घरांना दोन पाट्या असतात. निळी रस्त्यातला क्रम सांगते, लाल त्या भागातला जुना नोंदणी क्रमांक. त्याही आधी, म्हणजे १७७० पूर्वी, घरं चिन्हांवरून ओळखत, आपल्या पत्र्या मारुतीसारखी. इथे राहायची किल्ल्यावरची चाकरमानी मंडळी, पण घरांची नावं सोन्याची: सोनेरी नासपती, सोनेरी नांगर.

निळा १, लाल ७६ दिसला की थांबा. हे सोनेरी ग्रिफिनचं घर. ग्रिफिन म्हणजे अर्धा गरुड, अर्धा सिंह. १६०० साली ज्योतिर्विद टिको ब्राहे इथे राहिला. शेजारच्या कापुचिन मठाच्या घंटांनी डोकं उठतं अशी तक्रार त्याने थेट सम्राटाकडे केली, असं सांगतात. घरात लोक राहतात, तेव्हा खिडकीत डोकावू नका. दोन घरं अलीकडे मी डोकावले होते; आतल्या आजींनी माझ्याकडे बघत सावकाश पडदा ओढला.

पुढे कानोव्नित्स्का गल्लीचा थोडा चढ, की किल्ल्यासमोरचा चौक. तिथली झुंबड दिसली की मी मागे फिरते. लोरेतापर्यंत पोहोचते तोवर पुढचा तास भरत आलेला असतो.