गुरू केवळ शनिवारी पाहू नये

कोकणात पावसाळाभर आकाश पाहण्याचे काम बंदच असते. आश्विन सरता सरता ढग हटले, की गुरू रात्री केव्हा उगवतो ते पंचांगात पाहून सुरुवात करावी. दहापट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरते. पुळणीवर जाण्याचा मोह मात्र टाळावा, कारण खाऱ्या वाऱ्याने भिंगे पाहता पाहता धुरकटतात आणि मासेमारी नौकांचे झगझगीत दिवे डोळे दिपवतात. त्यापेक्षा घरामागच्या चिऱ्यांच्या गडग्यावर कोपरे टेकवावीत. हात स्थिर नसेल, तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसत नाहीत, नुसती थरथरती ठिणगी दिसते.

वहीत रोज एक आडवी रेघ ओढावी, मध्ये गुरूसाठी वाटोळे काढावे, चंद्रांचे ठिपके अंतर अजमावून मांडावेत आणि वेळ मिनिटापर्यंत लिहावी. दुर्बीण डोळ्याला लावण्यापूर्वी आज कोणता ठिपका कुठे असावा हे शाईने लिहावे, आणि ते चुकले तरी खोडू नये. गॅलिलिओने 7 जानेवारी 1610 रोजी गुरूजवळचे तीन ठिपके स्थिर तारेच मानले होते. दुसऱ्या रात्री ते तिन्ही पश्चिमेला दिसले, तेव्हा त्याला आधी गुरूच्या गतीच्या गणिताचीच शंका आली. ते गुरूभोवती फिरतात, हे त्याने आणखी काही रात्रींनंतर मान्य केले.

पहिल्या वर्षी मी नोकरीमुळे फक्त शनिवारी, रात्री आठला पाहत असे. लागोपाठच्या दोन-तीन शनिवारी तीन ठिपके जवळजवळ जागच्या जागी असत, आणि चौथ्याला, म्हणजे कॅलिस्टो या चंद्रालाच मी चुकार ठरवले होते. वास्तविक बाकीच्या तिघांपैकी आयो सुमारे 1.77, युरोपा 3.55 आणि गॅनिमीड 7.15 दिवसांत एक प्रदक्षिणा करतो. म्हणजे आठवड्याभरात त्यांच्या अनुक्रमे चार, दोन आणि एक अशा फेऱ्या पूर्ण होत आलेल्या असतात. कॅलिस्टोला 16.7 दिवस लागतात, म्हणून तो एकटाच हललेला दिसे.

बुधाने भल्याभल्यांना असेच फसवले. त्याचे परिवलन, म्हणजे स्वतःभोवती फिरणे, 88 दिवसांचे असून त्याची एकच बाजू सदैव सूर्याकडे असते, असे इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्लीने 1889 मध्ये मांडले आणि ते पाऊणशे वर्षे टिकले. 1965 मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून बुधावर रडारलहरी सोडल्या गेल्या. फिरत्या ग्रहाच्या जवळ येणाऱ्या कडेवरून परतलेल्या लहरींची वारंवारता वाढते, दूर जाणाऱ्या कडेवरून घटते. त्या फरकावरून परिवलनकाल सुमारे 59 दिवस निघाला. जुनी रेखाटने खोटी नव्हती. बुध नीट दिसण्याची संधी साधारण 348 दिवसांनी येई, आणि तेवढ्यात त्याची जवळजवळ सहा परिवलने होत असल्यामुळे तीच बाजू पुन्हा समोर येई.

म्हणून निदान सलग पाच रात्री पाहावे, आणि पुढे वार व वेळ दोन्ही बदलत राहावे. शनिवारची जुनी पाने मी फाडलेली नाहीत. नव्याने काढलेले प्रदक्षिणाकाल त्या ठिपक्यांनाही लागू पडतात की नाही, हे पडताळायला तीच लागतात.