मुलांच्या कानांसाठी मोबाइलचा आवाज कसा ठरवून द्यावा

लोकलमध्ये शेजारच्या मुलाच्या इयरफोनमधलं गाणं आपल्याला शब्दांसकट ऐकू येतं, तेव्हा त्याच्या कानावर काय आदळत असेल? गाडीचा खडखडाट झाकण्यासाठी मुलं आवाज वाढवतात आणि घरी आल्यावर तो खाली आणायचं विसरतात. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून आवाजाची मर्यादा आधीच, घरात बसून ठरवावी.

१. शांत खोलीत आवाज ठरवा. टीव्ही, पंखा बंद करा. मुलालाच इयरफोन लावायला सांगा आणि आवाज शून्यापासून हळूहळू वाढवू द्या. शब्द स्वच्छ कळायला लागले की थांबायचं. हा टप्पा 60 टक्क्यांच्या वर नसावा. मग हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोला. त्याला तुमचं बोलणं कळलं नाही, तर आवाज आणखी कमी करा. आकडा मुलाने स्वतः ठरवला की पाळलाही जातो, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

२. तिथेच कुलूप लावा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, साउंड्स अँड हॅप्टिक्स, हेडफोन सेफ्टी असं जाऊन 'रिड्यूस लाउड ऑडिओ' सुरू करा आणि मर्यादा 75 डेसिबलवर आणा. सॅमसंगमध्ये साउंड्स अँड व्हायब्रेशन, मग व्हॉल्यूम. वरच्या तीन ठिपक्यांत 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' सापडेल. तिथे पिनही ठेवता येतो. इतर फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधखिडकीत 'व्हॉल्यूम' टाकून बघा.

३. तासांचा हिशोब समजावून सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी तेवढ्याच तासांना 75 डेसिबल. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो: मोठ्यांसाठी 83 ला 20 तास, 86 ला 10. नववी-दहावीच्या मुलाला हे गणित सहज कळतं, आणि 'कमी ऐक' या बोलण्यापेक्षा जास्त पटतं. ऑनलाइन क्लास, रील्स, गेम, सगळं त्यातच मोजायचं. मधेमधे इयरफोन काढून कानांना विश्रांती द्यावी.

४. गोंगाटात आवाज वाढवण्याऐवजी गोंगाट अडवा. कानात नीट बसणारे किंवा नॉइज कॅन्सलिंग असलेले हेडफोन प्रवासात खरंच उपयोगी पडतात. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र ते कानात नकोतच. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ उभं राहायचंच असेल तर फोमचे इयरप्लग घालावेत. औषधांच्या दुकानात ते स्वस्तात मिळतात.

५. खुणा ओळखा. इयरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होणं, मूल सारखं 'काय?' विचारणं, टीव्हीचा आवाज वाढवत राहणं, यांतलं काही दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर कानात तेल घालत घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता जास्त असते.